वस्तूला गाव असतं

व्हिडिओकॉनच्या वार्षिक अहवालांवर नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता असा छापलेला असायचा: १४ कि.मी. स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव, तालुका पैठण. देशभर शेअर विकलेल्या कंपनीचा पत्ता म्हणजे रस्त्याकडेचा एक दगड! या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्याला मात्र तो चोख कळतो. शहर सोडलं, नक्षत्रवाडी-कांचनवाडी मागे पडली की चितेगाव. पुढे बिडकीन, ढोरकीन आणि मग पैठण. जायकवाडी धरणाचं पाणी याच रस्त्याने जलवाहिनीतून फारोळ्याला येतं, तिथे शुद्ध होतं आणि शहरात जातं.

चितेगावच्या उत्तरेला, शहराच्या पार पलीकडच्या टोकाला, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराखाली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथे इतिहासाचा विभाग आहे, इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, मोठं ग्रंथालय आहे. दक्षिणेला पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात सातवाहन येतात आणि त्यांच्या राजधानीचं नाव येतं. चितेगावच्या शाळेतली मुलगी ते नाव पाठ करते तेव्हा ती जागा तिच्यापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर असते, आणि त्या काळाचा अभ्यास करणारं विद्यापीठ उलट दिशेला वीसेक किलोमीटरवर. तिच्या घरात स्मार्टफोन आहे. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापलेला आहे. मग विद्यापीठाच्या कपाटातलं खापर, नाणं, मोडी कागद तिच्यापर्यंत पोचायला अडचण कसली?

अडचण कॅमेऱ्याची नाही. फोटो काढणं हा या कामातला सोपा भाग आहे. वस्तूबरोबर तिच्या गावाचं नाव, सापडल्याची जागा आणि मराठीत चार ओळींची धड माहिती नसेल, तर हजारो फोटो संकेतस्थळावर चढवूनही ते कुणाच्याच कामाचे राहत नाहीत. कपाटातला अंधार फक्त सर्व्हरवर जातो. विद्यापीठांच्या संग्रहांचं डिजिटायझेशन करायचं तर नोंदवहीपासून सुरुवात करावी आणि नोंदीची सुरुवात गावाच्या नावाने करावी, असं माझं ठाम मत आहे. इथे ते मराठवाड्याच्याच उदाहरणांनी मांडतो.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. नव्या विद्यापीठाला इतिहासाची साधनं बाहेरून आणावी लागली नाहीत, ती पायाखालीच होती. डॉ. रमेश शंकर गुप्ते यांनी मूर्तिशास्त्रावर आणि अजिंठा-वेरूळ-औरंगाबाद लेण्यांवर लिहिलं. विद्यापीठाच्या संग्रहालयाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. मराठी विभागात डॉ. यू. म. पठाण यांनी गावोगाव, मठामठांत हिंडून पोथ्या मिळवल्या, महानुभाव वाङ्मयाचा शोध घेतला, मराठवाड्यातल्या शिलालेखांवर काम केलं. १९९० च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते अनेकांना आठवतात. मला त्यांच्या सूचीकाराच्या कामाचं मोल जास्त वाटतं. पोथी कुठल्या गावची, कुणाकडून मिळाली, किती पानं, आरंभ कुठला, शेवट कुठला, लेखनकाल कोणता, हे ज्याने लिहून ठेवलं त्याने डिजिटायझेशनचं निम्मं काम कॉम्प्युटर येण्याआधीच करून ठेवलं.

आता भोकरदन घेऊ. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये आला. उत्खनन संपल्यावर वर्षभरात अहवाल छापून होणं आपल्याकडे किती दुर्मीळ आहे, हे या क्षेत्रातली माणसं जाणतात. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नावं आहेत. इथल्या मातीतून मण्यांबरोबर, शंखाच्या बांगड्यांबरोबर हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती निघाली. वरचा भाग तुटून गेलेला. खाली उरलेत पाय, पायांतले जड दागिने आणि दोन्ही बाजूंना उभ्या दोन छोट्या सेविका.

अशीच, पण जवळजवळ अखंड मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहराच्या उत्खननात सापडली होती. व्हेसुव्हियसच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या एका घरात ती होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दोन्हींची ठेवण इतकी सारखी, की पाँपेईची मूर्ती भोगवर्धनच्याच कारागिरांनी घडवली असावी असं मत म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञाने मांडलं. उलट बाजूही आहे. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे आणि ती लिपी वायव्येकडची. म्हणून काहींचा कल तिकडे आहे. वाद मिटलेला नाही.

पाँपेईच्या मूर्तीचे फोटो एका शोधात शेकड्याने मिळतात. पुढून, मागून, जवळून. भोकरदनची मूर्ती मात्र इंग्रजी अहवालातल्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रातून अभ्यासकांना माहीत. जालन्यातल्या, संभाजीनगरातल्या किती शिक्षकांनी ती पाहिली असेल? या दोन मूर्ती मोबाइलच्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवा आणि खाली मराठीत तीन प्रश्न विचारा: काय सारखं दिसतं? काय वेगळं? खरोष्ठी अक्षरावरून काय ठरवता येईल आणि काय येणार नाही? आठवीतल्या मुलाला पुरावा म्हणजे काय ते यातून कळेल. इतिहासात उत्तर पाठ करायचं नसतं, ते तपासायचं असतं, हे शिकवायला याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. आणि हा धडा आपल्या जिल्ह्याच्या शेजारच्या तालुक्यातून निघतो.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. पैठण किंवा भोकरदनच्या पांढरीतलं एक खापर टेबलावर आलं. (गावची जुनी वस्तीची जागा म्हणजे पांढरी आणि शेतीची जमीन म्हणजे काळी, ही वाटणी गावात सगळ्यांना ठाऊक असते. पुरातत्त्वाचं बहुतेक काम पांढरीत चालतं.) खापराच्या मागे पूर्वी कुणीतरी शाईने बारीक अक्षरात मजकूर लिहिलेला असतो: स्थळाचं संक्षिप्त नाव, वर्ष, खड्ड्याचा क्रमांक, थराचा क्रमांक, खोली. हा मजकूर खापराइतकाच मोलाचा, आणि शाई हाताच्या घामाने पुसली जाते. म्हणून आधी तो वाचून नोंदवहीशी ताडायचा. मग चमक नसलेल्या काळ्या किंवा करड्या कापडावर खापर ठेवायचं. शेजारी सेंटिमीटरची पट्टी आणि रंगांचा तक्ता. उजेड डावीकडून वरून, तिरका. समोरून उजेड मारला तर खापरावरची नक्षी सपाट दिसते. फ्लॅश नाही. एक फोटो बाहेरच्या अंगाचा, एक आतल्या, एक कडेचा, कारण कड पाहून भांड्याचा घेर काढता येतो, आणि एक मागच्या शाईच्या मजकुराचा. जतन करायची मूळ फाइल टिफ, लोकांना द्यायची हलकी फाइल जेपेग. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. या शिस्तीत दोन माणसांची जोडी दिवसाला काही डझन वस्तू करू शकते.

काम अडतं ते पुढे. नोंद कोण लिहिणार? 'मृण्मय पात्रखंड, सातवाहनकालीन' एवढं लिहून सोडलं तर ती नोंद फुकट गेली. कुठल्या भांड्याचा तुकडा, भांडं कशाला वापरत असतील, मातीत काय मिसळलंय, भाजल्यावर रंग असा का आला, कुठल्या थरातून आलं आणि त्या थरात आणखी काय होतं, हे लिहायला मातीत हात घातलेला माणूस लागतो. आणि तो निवृत्त होण्याआधी लागतो. पन्नास वर्षांपूर्वी खड्ड्यात उतरलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. यंत्रसामग्रीच्या खरेदीची घाई सगळ्यांना असते. खरी घाई या माणसांच्या शेजारी बसून नोंदी पुऱ्या करून घेण्याची आहे.

उत्खननात न निघालेल्या वस्तूंची गोष्ट आणखी नाजूक. पैठणचे बाळासाहेब पाटील आणि तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावच्या पांढरीतून वस्तू वेचल्या. एखादा मोठा पाऊस पडून गेला की पांढरी धुपते आणि मणी, नाणी, मातीची खेळणी वर येतात. या दोघांनी ती जपली. आज पैठण आणि तेर दोन्ही ठिकाणी त्यातून शासकीय संग्रहालयं उभी आहेत. थर सांगता येत नसला तरी गाव सांगता येतं, आणि पुष्कळदा गावातली जागाही. तेरच्या पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांतून काढलेल्या पोकळ बाहुल्या पाहिल्या की तिथल्या कुंभारांचं कसब कळतं. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांच्या 'पेरिप्लस' या समुद्रमार्गदर्शिकेत पैठण आणि तेर, म्हणजे पैठान आणि तगर, दोघांचाही उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून गोमेद जातीचे दगड जात, तेरहून कापड. बैलगाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून. तेरचा मणी आणि पैठणचा मणी एकाच ताटलीत मिसळले आणि पाटी 'मराठवाडा, सातवाहन' अशी लागली, तर हा सगळा व्यापारी रस्ताच पुसला जातो.

गावाच्या नावाचा आणखी एक पेच डिजिटल कामात ठळक होतो. एकाच शहराचं नाव कागदपत्रांत खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असं येतं. तेर कुठे तगर, कुठे 'थेर'. पैठण कुठे प्रतिष्ठान, कुठे पट्टण. त्यातून इंग्रजी नोंदींतलं स्पेलिंग दर लेखकागणिक वेगळं. चितेगावचंच घ्या. कंपनीच्या कागदांत एक स्पेलिंग, महसुलात दुसरं. विद्यार्थिनी आज वापरात असलेलं नाव मराठीत टाइप करणार. तेव्हा सूचीत प्रत्येक जागेला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तिची सगळी नावं त्याखाली बांधायची, म्हणजे कुठल्याही नावाने शोधलं तरी ती तिथेच पोचेल. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावागावाची यादी असते, तिचा आधार घेता येतो. १८८४ चं औरंगाबादचं निजामकालीन गॅझेटियर आणि नंतरचं राज्य गॅझेटियर, दोन्हींतली नावं जोडता येतात. हे काम नीरस आहे, पण सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे.

नोंद चुकली की काय होतं, याचं ढळढळीत उदाहरण डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तकांची योजना आखली गेली आणि त्यात भारतातली अनेक ग्रंथालयं आली. उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातली मराठी पुस्तकं त्यात स्कॅन झाली. मराठवाड्याच्या दृष्टीने हे फार मोठं. आमच्या आजोबांच्या पिढीने ज्या विद्यापीठाच्या परीक्षा दिल्या, त्याचं ग्रंथालय घरात आलं. पण पुस्तकांची नावं रोमन लिपीत, तीही अशा विचित्र पद्धतीने टाइप केलेली की मध्येच अवतरणचिन्हं, मध्येच दुहेरी स्वर. लेखकाच्या जागी 'अज्ञात', वर्षाच्या जागी शून्य. कित्येक पानांच्या कडा कापलेल्या, कुठे स्कॅन करणाऱ्याचं बोट. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडलं. बरीच पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर उतरवून घेतलेली असल्याने वाचली. ती वापरता येतात, पण पुस्तकाचं नाव कसं बिघडवून लिहिलं असेल याचा अंदाज बांधूनच! अभ्यासकाला ही सवय लागते. शाळेतल्या मुलीला लागू नये.

शोधगंगेचं तसंच काहीसं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध डिजिटल स्वरूपात देणं बंधनकारक झालं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ते जमवले. मराठवाडा विद्यापीठाचे हजारो प्रबंध तिथे आहेत. गावोगावच्या देवस्थानांवर, बारवांवर, मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांवर, सरंजामांवर. मराठवाड्याचा स्थानिक इतिहास एवढ्या तपशिलात दुसरीकडे क्वचितच मिळेल. पण मराठी प्रबंधांची शीर्षकं पुष्कळदा रोमन लिपीत आहेत आणि आतला मजकूर जुन्या फाँटमध्ये. श्रीलिपी, शिवाजी, आयएसएम, कृतिदेव. युनिकोड येण्याआधी, आणि आल्यावरही बरीच वर्षं, आपण याच फाँटांत टाइप करत होतो. छापल्यावर अक्षर सुंदर दिसतं, पण यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. त्यात 'बिडकीन' शोधलं तर सापडत नाही. अंध विद्यार्थ्याने पडदा-वाचक लावला तर त्याला गुरगुर ऐकू येते. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आज हाताशी आहेत आणि मराठी मजकुराचं यांत्रिक वाचनही पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलं आहे. विद्यापीठाने एका उन्हाळ्यात फक्त इतिहास आणि मराठी विभागांचे प्रबंध युनिकोडमध्ये आणले, तरी नवा एकही कागद स्कॅन न करता जिल्ह्याचा केवढा तरी इतिहास शोधता येऊ लागेल. इतक्या थोड्या खर्चात एवढं मोठं फळ देणारं दुसरं काम मला दिसत नाही.

चांगली उदाहरणंही आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपली जुनी, दुर्मीळ पुस्तकं आणि सरकारी अहवाल खुले केले. महाराष्ट्रावर लिहिणारा कुणीही अभ्यासक त्या संग्रहाकडे वळल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथसंजीवनी' आहे. केंद्र सरकारने पुण्याच्या सी-डॅककडून 'जतन' हे सॉफ्टवेअर करवून घेतलं आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचं इंडियन म्युझियम, हैदराबादचं सालारजंग अशा दहा संग्रहालयांच्या वस्तू एका ठिकाणी आणल्या. त्या दहा नावांत विद्यापीठाचं एकही संग्रहालय नाही. शिकवणं हे ज्याचं पहिलं काम, त्याचा संग्रह रांगेत मागे राहावा हे मनाला लागतं.

शिकण्याचं साधन म्हणून मला सर्वांत भावलेलं काम अमेरिकेतलं आहे आणि ते आपल्याच माणसाचं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आपले माजी विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे भाषण जाळ्यावर मांडलं. प्राध्यापिका फ्रान्सिस प्रिचेट यांनी त्यावर मेहनत घेतली. मजकूर परिच्छेदांना क्रमांक देऊन लावलेला, अडलेल्या संदर्भांवर टिपा, सोबत बाबासाहेबांच्या आयुष्याचा सचित्र कालपट. एकट्याने, शिक्षकाविना वाचणाऱ्याला हात धरून नेईल अशी रचना. ज्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव आहे, ज्या शहरात त्यांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, तिथल्या विद्यार्थ्यासाठी अशी रचना मराठीत व्हायला हवी. त्या महाविद्यालयाच्या परिसराच्या, म्हणजे नागसेनवनाच्या, इतिहासापासून ती सुरू करता येईल.

इथे कागदांचा आणखी एक थर येतो. औरंगजेबाच्या आणि शाहजहानच्या काळातले दख्खनच्या सुभ्यांचे लाखाहून अधिक फारसी कागद आज हैदराबादच्या तेलंगण राज्य पुराभिलेखागारात आहेत. एके काळी ते याच शहरातल्या किल्ले अर्कमध्ये होते. ते परत मागण्यात वेळ घालवण्यापेक्षा त्यांच्या प्रतिमा आणि गाववार सूची मिळवण्यात शहाणपण आहे. विद्यापीठाच्या, मठांच्या, वाड्यांच्या संग्रहांतले मोडी कागद तर हाताशीच आहेत. त्यांतला कितीतरी कागद दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात हाताने बनलेला असणार. कागद उजेडासमोर धरला की जाळीच्या आडव्या रेघा दिसतात, घोटून आणलेली चकाकी दिसते. काजळाची शाई शतकांनंतरही काळीभोर राहते. नोंदीत मजकुराबरोबर कागदाचंही वर्णन यावं, म्हणजे कागजीपुऱ्याच्या कारागिरांनाही त्यांचा इतिहास सापडेल.

मोडी वाचणारे घटत आहेत म्हणून यंत्राकडे आशेने पाहिलं जातं. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी मोडी हस्ताक्षराच्या प्रतिमेवरून देवनागरी लिप्यंतर करणारी प्रणाली पुढे आणली. ही उत्तम बातमी आहे. पण यंत्राला शिकवायला जाणत्याने वाचून दिलेले नमुने लागतात, आणि मोडीत एका हाताचं वळण दुसऱ्यासारखं नसतं. पुण्याच्या दफ्तरावर शिकलेलं यंत्र मराठवाड्याच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या लिखाणावर अडखळणार, कारण इथल्या कागदांत फारसी-उर्दू शब्दांची आणि निजामी महसुलाच्या संज्ञांची रेलचेल. फसली सन, देशपांडे-देशमुखांचे रुसूम, पटवाऱ्याचे हिशेब. म्हणून मराठवाड्याचे स्वतःचे वाचलेले नमुने तयार झालेच पाहिजेत, आणि ते विद्यापीठाशिवाय कोण करणार?

आणि मग अगदी अलीकडचे कागद, ज्यांना कुणी इतिहासाचं साधन समजत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला. मराठवाड्यात हिंसा उसळली, दलित वस्त्या जाळल्या गेल्या. पुढची साडेपंधरा वर्षं लढा चालला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दर चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या दारात माणसांचा पूर लोटतो. या लढ्याची पत्रकं, सत्याग्रहाच्या याद्या, जलशांच्या वह्या, तुरुंगातून आलेली पत्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं पत्र्याच्या पेट्यांत आहेत. पत्रकाचा कागद स्वस्तातला, आम्लाने पिवळा पडून कडेने तुटणारा. सातवाहनांचं खापर आणखी हजार वर्षं राहील. १९७९ चं पत्रक आणखी वीस वर्षं राहील का, याची मला खात्री नाही. प्राधान्य ठरवताना वय पाहू नये, नाजूकपणा पाहावा.

यात जपायचीही गोष्ट आहे. जळालेल्या वस्तीतल्या बाईने तेव्हा जे सोसलं ते ती तुम्हाला विश्वासाने सांगते. तिचा आवाज तिच्या गावाच्या नावासकट जाळ्यावर टाकला तर तिला आजही त्याच गावात राहायचं असतं. म्हणून काही नोंदी खुल्या, काही फक्त संग्रहात येऊन ऐकण्याच्या, काही ठरावीक वर्षांनंतर उघडायच्या, आणि सांगणाऱ्याला कधीही 'नको' म्हणण्याचा हक्क. खुलेपणाचा मी कट्टर पुरस्कर्ता आहे, पण माणसाच्या जिवापुढे नाही. पुस्तकांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. रियासतकार सरदेसाई १९५९ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०२० पासून सर्वांचं झालं. विद्यापीठाने स्वतः छापलेल्या अहवालांसाठी तर इतकं थांबायचंही कारण नाही. हक्क आपल्याकडे असतील तिथे ते आजच खुले करता येतात.

उशीर म्हणजे काय, ते २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलमध्ये दिसलं. रिओच्या विद्यापीठाचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह, त्यातला बहुतेक गेला. ज्या आदिवासी भाषा बोलणारं आता कुणी नाही, त्यांचं ध्वनिमुद्रणही गेलं. दुसऱ्या दिवशी संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना हाक दिली: तिथे कधी काढलेले फोटो असतील तर पाठवा. हजारो फोटो आले. शाळेच्या सहलींतले, सेल्फीमागे दिसणारे.

आपल्याकडेही उशीर होण्याआधी जपायचं पुष्कळ आहे. चितेगावकडे वळलं की मला सातवाहनांइतकेच व्हिडिओकॉनच्या टीव्ही कारखान्यातले कामगार दिसतात. १९८०-९० च्या दशकांत आसपासच्या खेड्यांतली पोरं इथे पाळ्यांत लागली. कापूस आणि बाजरीच्या शेतातून थेट असेंब्ली लाइनवर. शेतकऱ्याच्या घरात पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला. २०१८ मध्ये कंपनीचं दिवाळखोरीचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेलं. या मधल्या तीन दशकांचा इतिहास कुठल्या संग्रहात आहे? ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, युनियनच्या बैठकीची नोटीस, पाळीच्या बसचा पास, लाइनवर काढलेला गटाचा फोटो. बाजूला बिडकीनला आता नवं औद्योगिक शहर आखलं जातंय. त्याच्याखाली गेलेल्या शेतांचे सातबारे आणि बांधावरच्या देवांची नावं याच पिढीच्या तोंडी आहेत.

यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहायची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांक आहेत. पैठण, बिडकीन, संभाजीनगरच्या महाविद्यालयांतली इतिहासाची मुलं याच रस्त्यावर राहतात. विद्यापीठाने त्यांना तीन गोष्टी द्याव्यात: नोंदीचा एकच मराठी नमुना, चालू राहणारा क्रमांक आणि फाइल ठेवायला जागा. नमुन्यात पहिला रकाना गावाचा. मग वस्तू कुणाच्या घरची, सापडली की वारशाने आली, ती काय आहे ते घरच्यांच्याच शब्दांत, फोटो कुणी काढला, दाखवायची परवानगी किती. मूळ वस्तू घरातून हलवायची नाही. घरच्यांना छापील प्रत आणि क्रमांक द्यायचा, म्हणजे पुढे ती पेटी भंगारात निघाली तर निदान एकदा विचारायला कुणाकडे जायचं ते त्यांना ठाऊक असेल. आणि दर सत्राअखेरीला त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत भिंतीवर पडदा लावून, जमवलेलं सगळं गावाला दाखवायचं. चुकलेली नावं तिथेच दुरुस्त होतात, कारण फोटोतल्या माणसाला ओळखणारं कुणीतरी समोर बसलेलं असतं.